हॉलची भाषा

ओढा त्या वर्षी थंडी संपायच्या आतच आटला आणि वीटभट्टी बंद पडली. विटेला मातीइतकंच पाणी लागतं, आणि मालक काही टँकर मागवून विटा पाडणाऱ्यातला नव्हता. आम्ही नवरा-बायको नऊ वर्षं त्या भट्टीवर होतो. मी चिखल तुडवायचो, ती साच्यात थापून विटा पाडायची. मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, पाऊस पडला की बघू. तोवर काय चिखल खायचा का, असं मी त्याला तोंडावर विचारलं. मीच विचारणार, दुसरा कोण? गावात मला वकील म्हणायचे. कुणाचं रेशन अडलं, कुणाची बांधावरून कुरबूर झाली, की मला पुढं करायचे. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा कंटाळून तरी ऐकायचा. बायकोला मात्र दिवसाला दहा शब्द पुरायचे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, बिचारा, परक्या मुलखात भाषा कळली नसेल त्याला. ते म्हणतात आणि मी ऐकून घेतो. मला भाषा कळली होती. चांगली कळली होती.

भट्टीवर ट्रक आणणारा एक ड्रायव्हर होता. तो म्हणाला, तळ्याकाठी मोठं हॉटेल आहे, सीझनला माणसं घेतात, भाषा येत नसली तरी चालतं. दोन दिवसांचा बसचा प्रवास. पोरगी सात वर्षांची, तिला मामाकडं ठेवली. मामाच्या दोन खोल्या, त्याची स्वतःची चार पोरं, आणि मामी तोंडानं काही बोलायची नाही पण भांडी आपटायची. निघताना पोरगी रडली नाही. मला कधी नेणार, एवढंच तिनं विचारलं.

त्याचं उत्तर हॉटेलात आल्यावर मिळालं. सीझनपुरती येणारी माणसं वेगळी झोपतात, बायका एका मोठ्या खोलीत, पुरुष दुसऱ्या. सीझन संपताना काहींना कायम करतात. नवरा-बायको दोघं कायम झाले तर कपडे धुवायच्या खोलीमागं एक खोली मिळते. दार, खिडकी, बाहेर नळ. तिथं पोर आणता येतं, शाळा दहा मिनिटांवर. बायको ती खोली पहिल्याच आठवड्यात बाहेरून बघून आली, खिडकीला डोळे लावून. आत दोन खाटा मावतील आणि मध्ये पोरीची चटई, असं म्हणाली. त्या दिवसापासून दर रविवारी फोनवर पोरगी एकच विचारायची, खोली मिळाली का.

मला आधी ताटं धुवायला लावलं. पंधरा दिवसांत हॉलमध्ये घेतलं, कारण मी बुजत नव्हतो. हॉल म्हणजे जेवणाचा हॉल, तीस टेबलं, पांढरे कपडे घातलेली. तिथला प्रमुख म्हणजे कॅप्टन. इस्त्री इतकी कडक की बसताना बाह्या वाजायच्या. तो आम्हा नव्या लोकांना दुपारी रिकाम्या हॉलमध्ये उभा करायचा, तळहातावर ट्रे, ट्रेवर सहा भरलेले ग्लास, आणि इथली भाषा शिकवायचा. पहिल्या दिवशी तीन वाक्यं. होय साहेब. माफ करा साहेब. लगेच आणतो साहेब. ही तीन आली की पोट भरेल, असं तो म्हणाला.

आमच्यातल्या एकानं विचारलं, नाहीला काय म्हणतात? कॅप्टन म्हणाला, तो शब्द हॉलमध्ये लागत नाही. पाहुण्यानं मागितलेलं नसेल तर विचारून येतो म्हणायचं. पाहुण्यानं म्हटलं सूपमध्ये केस आहे, तर केस शोधत बसायचं नाही. माफी मागायची, वाटी उचलायची, दुसरी आणायची. तक्रार आली की खरं-खोटं बघायचं नसतं, मिटवायची असते. मग तो खुर्चीवर पाहुणा होऊन बसायचा आणि काहीबाही विचारायचा. आज सूर्य पश्चिमेला उगवला का? होय साहेब. हे पाणी ओलं आहे! माफ करा साहेब, लगेच दुसरं आणतो. तू गाढव आहेस का? होय साहेब. सगळे खदखदून हसायचे, मीही हसायचो. जो अडखळेल त्याच्या ट्रेवर सातवा ग्लास यायचा. माझ्या ट्रेवर सातवा ग्लास कधी आला नाही. चिखल तुडवणारे पाय हॉलच्या गुळगुळीत फरशीवर चालायला शिकले, कंबर आपोआप वाकायला शिकली, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

बायको खोल्या साफ करायची. तिला शिकवायला कुणी कॅप्टन नव्हता. खोल्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई एकेक वस्तू उचलायच्या आणि त्या वस्तूचं नाव सांगायच्या, बास. चादर, उशी, टॉवेल, बादली, साबण. उरलेलं ती दारांकडून शिकली. दार वाजवायचं आणि थांबायचं. आतून आवाज यायचा, नको, आत्ता नको, नंतर ये. दिवसाला पंधरा दारं तरी तिला नको म्हणायची.

दुपारी तासभर सुट्टी असायची. मागच्या पायऱ्यांवर आम्ही बसायचो, तिथंच काय ती भेट. लग्नाला दहा वर्षं झालेली आणि नवरा-बायको पायरीवर भेटतायत, त्यावरून बाकीच्या बायका तिची थट्टा करायच्या. मी तिला माझी वाक्यं म्हणून दाखवायचो, हाताच्या हालचालींसकट. ती तिचे शब्द म्हणायची. मी सगळ्यांच्या देखत म्हणायचो, तुझी भाषा म्हणजे भंगाराचं दुकान, नुसत्या वस्तू. एक वाक्य धड जोडता येत नाही. ती हसून घ्यायची. एकदा म्हणाली, तुम्ही वाक्यं जोडता, पण ती सगळी एकाच जागी जातात. मला वाटलं, जळतेय.

सीझन संपायला तीन आठवडे उरले होते. मॅनेजरनं कायम करायच्या लोकांची यादी लिहायला घेतलीय, अशी कुणकुण होती. सकाळचा नाश्ता उरकून मी हॉलमध्ये चमचे पुसत होतो, तेव्हा मॅनेजरचा निरोप आला. आत गेलो तर बायको टेबलासमोर उभी, हातात पोछ्याचं फडकं तसंच. मोठ्या बाई भिंतीला टेकून. खुर्चीवर चौदा नंबरच्या खोलीतली बाई बसलेली, माझ्याच टेबलावर रोज नाश्ता करणारी, अंडं फार शिजलं म्हणून परत पाठवणारी. तिची अंगठी हरवली होती. काल रात्री बेसिनजवळ होती, आज नाही, आणि मध्ये खोलीत फक्त माझी बायको गेलेली.

मॅनेजर तिला विचारत होता. ती सांगत होती. "नाही," ती म्हणाली. इथल्या भाषेत, स्पष्ट. "मी चादर. मी टॉवेल. मी बादली. अंगठी नाही. मी अंगठी बघितली नाही." एवढं लांब ती त्या भाषेत कधीच बोलली नव्हती. मॅनेजरनं वैतागून डोळे मिटले. मग माझ्याकडं वळला. हा हॉलचा माणूस, ह्याला बोलता येतं, असं त्या बाईला सांगितलं.

"तू सांग," तो म्हणाला. "तुझ्या बायकोनं अंगठी घेतली?"

त्यानं ते सावकाश विचारलं. प्रत्येक शब्द मला कळला. माझ्या हातावर हॉलचा रुमाल होता. चौदा नंबरवाली माझ्याकडं बघत होती, सकाळी अंड्याची ताटली सरकवताना बघायची तसंच. माझी कंबर वाकली. आणि मी म्हणालो, "होय साहेब. माफ करा साहेब. लगेच आणतो साहेब."

तिन्ही वाक्यं, एका दमात, न अडखळता. कॅप्टननं ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

का म्हणालो? शंभर वेळा स्वतःला विचारलंय. भीती होती, यादीची होती, खोलीची होती. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला मला एवढंच दिसलं की पाहुणी रागावलीय आणि तक्रार मिटवायचीय. माफी मागितली की ताटली उचलायची आणि पुढच्या टेबलाकडं जायचं. माझी बायको ही काही सूपची वाटी नाही, हे मला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं. आणि कळल्यावरही मी तोंड उघडून ते परत घेतलं नाही. गावाचा वकील! मॅनेजर मोकळा होऊन खुर्चीत मागं रेलला. त्याच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. माझी वाक्यं नीट होती, तिची मोडकी होती. त्यानं नीट वाक्यांवर विश्वास ठेवला. अर्ध्या तासात अंगठी टेबलावर पाहिजे, म्हणाला.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, काय विचारलं त्यांनी आणि तुम्ही काय म्हणालात. मी म्हणालो, विचारलं की त्या खोलीत तुझं काम असतं का, मी होय म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि फडक्यातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. बरं, एवढंच ती म्हणाली.

अर्धा तास झाला आणि मोठ्या बाईंनी तिची पेटी काढली. बायकांच्या खोलीत, सगळ्या बघत असताना. पुरुषांनी आत जायचं नव्हतं, मी दारात उभा होतो. दोन साड्या, कंगवा, पोरीचा आखूड झालेला फ्रॉक, तो कशाला आणला होता देव जाणे. आणि एका पिशवीत साबणाचे तुकडे. पाहुणे वापरून टाकून जातात ते. सगळ्याच बायका घ्यायच्या, मोठ्या बाईसुद्धा घ्यायच्या. पण ते त्या दिवशी हिच्या पेटीतून निघाले. मोठ्या बाईंनी एकेक तुकडा खाटेवर मांडला. गुलाबी, हिरवा, पांढरा. बायको दारातल्या माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाली, पोरीसाठी ठेवले होते, वास छान येतो त्यांना. माझ्याशिवाय ते तिथं कुणाला कळणार नव्हतं. मी ते इथल्या भाषेत कुणाला सांगितलं नाही. त्यातला एकही शब्द मला येत नव्हता असं नाही.

अंगठी मिळाली नाही. तिला कामावरून थांबवलं. खोल्यांकडं फिरकायचं नाही, अंगठी कुठं ठेवली ते आठवेपर्यंत. मग ती मागच्या पायऱ्यांवर बसून राहायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हात मांडीवर. दिवसाला हजार विटा पाडणारे हात. येणारीजाणारी माणसं तिच्या पायाला पदर लागू नये इतकी बाजूला होऊन चढायची. काल एका ताटात जेवलेल्या बायका. मी दुपारी जाऊन शेजारी बसलो तर ती थोडी सरकली, जागा करून दिली. बाकीच्यांना मीच सांगत सुटलो, अहो, साहेब काय विचारतात ते मला कळलंच नाही, फार भरभर बोलतात ते. लोक च्‌ च्‌ करायचे. एक म्हणाला, होतं असं, परकी भाषा. मी मान हलवली.

आणि मी हॉलमध्ये चौदा नंबरवालीला नाश्ता वाढत होतो. गरम पाणी मागितलं, आणलं. टोस्ट करपला म्हणाली, बदलला. तिसऱ्या दिवशी चहा ओतताना मी तिचा हात बघितला. कप धरलेल्या बोटात अंगठी होती. लाल खड्याची, जशी तिनं मॅनेजरला सांगितली होती तशीच. माझा हात थांबला, चहा बशीत सांडला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडं, आणि हात टेबलाखाली घेतला. तिलाही लाज होती म्हणायची. पण तिची लाज टेबलाखाली मावली.

"माफ करा," मी म्हणालो आणि बशी बदलायला गेलो. हो, गेलो. बशी बदलून आणली. मग कॅप्टनला गाठून सांगितलं, अंगठी तिच्या बोटात आहे. त्यानं लांबून बघितलं, त्यालाही दिसली. म्हणाला, आधी सर्व्हिस उरकू, हॉल भरलाय. आणि मी उरकली. तासभर मी ट्रे घेऊन फिरत होतो आणि भिंतीपलीकडं, वीस पावलांवर, माझी बायको चोर म्हणून पायरीवर बसली होती. ट्रे खाली ठेवून मॅनेजरच्या दारावर थाप मारायला कुणी माझा हात धरला नव्हता. हॉल रिकामा झाला तोवर चौदा नंबरवाली सामानासकट बसमध्ये बसून गेली होती.

कॅप्टननं मॅनेजरला सांगितलं, म्हणून तेवढं तरी झालं. माझ्या एकट्याच्या सांगण्यावर काही झालं असतं का, माहीत नाही. मोठ्या बाई पायऱ्यांपाशी आल्या आणि बायकोला म्हणाल्या, चल, कामाला लाग. ना माफी, ना काही. खोल्यांवर परत घेतलं नाही, उगाच चर्चा नको म्हणून खाली कपडे धुवायला लावलं. गरम वाफ, साबणाचं पाणी, कोपरापर्यंत हात लाल. ती गेली आणि कामाला लागली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. आमची दोघांची नावं होती. मॅनेजरनं आम्हाला बोलावून खोलीची किल्ली दिली आणि बायकोसमोर माझी तारीफ केली. म्हणाला, असा माणूस पाहिजे, स्वतःच्या बायकोवर आळ आला तरी ह्यानं आवाज चढवला नाही, पाहुण्यांशी एक शब्द वाकडा बोलला नाही. मी खाली बघत होतो. फरशीवर माझ्या बुटांच्या टोकांवर बल्बचा उजेड पडला होता. बायकोनं हात पुढं करून किल्ली घेतली, मला घेऊ दिली नाही.

खोली तिनं एका दुपारी धुऊन काढली. दोन खाटा लावल्या. मी खिडकीला खिळा ठोकत होतो. पाठमोराच होतो, तेव्हा तिनं विचारलं.

"तुम्हाला कळलं होतं ना, साहेब काय विचारत होते?"

हातोडी हातातच राहिली. खोटं तयार होतं, पंधरा दिवस घासूनपुसून ठेवलेलं. पण आपल्याच भाषेत, तिच्यासमोर, ते बाहेर येईना. "कळलं होतं," मी म्हणालो.

"मलाही कळलं होतं," ती म्हणाली. "सीझनभर पायरीवर बसून तीच तर तीन वाक्यं ऐकली तुमची. बाहेर आल्यावर मी विचारलं, ते तुम्ही खरं सांगता का बघायला."

मी वळलो. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, निदान मला काहीतरी करता आलं असतं. मी म्हटलं, चुकलो. मला तुझ्या तोंडाकडं बघायची लाज वाटते. ती म्हणाली, वाटू दे. मग चादर झटकून खाटेवर अंथरली, चारी कोपरे दाबले, पाहुण्यांच्या खोलीत करायची तसे. आणि म्हणाली, "पोरगी येईल. शाळेत जाईल. इथली भाषा तिला मी शिकवीन. तुम्ही शिकवायची नाही. एक शब्द नाही." मी बरं म्हणालो.

मामा पोरीला घेऊन आला त्या दिवशी मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. बायकोला मिळाली नाही, चादरींचा ढीग पडला होता. बस आली. पोरगी उतरली, उंच झालेली, केस मामीनं कापलेले, एका हातात पिशवी. मला बिलगली नाही, आधी नीट बघून घेतलं. मग एकदम बिलगली. मामा सामान उतरवत होता. बसस्टँडवर पाण्याचं मडकं घेऊन एक म्हातारा बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचा. पोरीला तहान लागली होती. तिनं माझा हात ओढला आणि म्हाताऱ्याकडं बघत हळूच विचारलं, बाबा, इथं पाणी कसं मागतात?

तो शब्द मी दिवसाला दोनशे वेळा ऐकायचो. झोपेतसुद्धा आला असता. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, बाबाला सगळं बोलता येतं हे तिला माहीत होतं.

मी खाली बसलो, ओंजळ करून म्हाताऱ्यापुढं धरली, त्यानं पाणी ओतलं आणि ती माझ्या ओंजळीतून प्यायली.

"आईला विचार," मी म्हणालो.